हरणाचे पाय आणि आठपट वजन

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, फाउंड्रीतील सर्व कारागीर मंडळी, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत ते आपले मुख्य अभियंता साहेब व त्यांच्या सौभाग्यवती, सर्वांना माझा नमस्कार.

मी इथली कर्मचारी नाही, गिऱ्हाईक आहे. निरोपाला गिऱ्हाइकानं बोलावं, असं साहेबांनी काय केलं? तेच सांगते.

माझे पती शिल्पकार. ते समोर दुसऱ्या रांगेत बसलेत. हाताला कंप सुटण्याआधीचं त्यांचं शेवटचं काम म्हणजे मान वळवून उभं असलेलं, गुडघाभर उंचीचं हरीण. मुलांच्या वाचनालयाला ते अंगणात हवं होतं, पण दुप्पट मोठं आणि ब्राँझचं. यांचा हट्ट असा, की सगळं भरीव ओतायचं आणि पायांचा घाट कणभरही बदलायचा नाही.

साहेब घरी आले. आमच्या नातीचे लाकडी ठोकळे मागून घेतले, त्यातला एक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा लांबी, रुंदी, उंची, तिन्हीकडून दुप्पट करून दाखवा.”

हे रचायला लागले. हात थरथरत होता. मी मदतीला पुढे झाले, तर साहेबांनी डोळ्यांनीच थांबवलं. वेळ लागला, पण यांनीच रचलं. आठ ठोकळे लागले.

“म्हणजे वजन आठपट,” साहेब म्हणाले. “आता तळाशी बघा, चारच ठोकळे. पायाचं तसंच. भार आठपट, पण तो पेलणाऱ्या पायाचं क्षेत्रफळ चारपटच. त्यात वर मुलं चढणार.”

यांचा चेहरा उतरला. “पाय जाड केले तर ते हरीण राहील का हो? आणि नवे करायला आता हात कुठे आहेत माझ्याकडे?”

“पाय तुमचे. त्यांना मी हात लावत नाही. मला फक्त धड द्या. पाय भरीव ठेवू, धड आतून पोकळ करू.”

“पोकळ काम मला पटत नाही.”

साहेब माझ्याकडे वळले. “वहिनी, हे नेहमी असेच का?”

“लग्नाच्या आधीपासून,” मी म्हटलं. तेव्हा कुठे हे हसले, आणि कबूल झाले.

उद्घाटनाला पोरं पाठीवर चढली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र पायांकडे एकटक बघत होते. हरीण जागचं हललं नाही. गर्दी ओसरल्यावर यांनी त्याचा पुढचा पाय वरून खालपर्यंत चाचपला. बराच वेळ.

परतताना साहेब यांना हळूच म्हणाले, “हाताचा कंप आहे तेवढाच राहतो. मूर्ती मोठी करा, त्यात तो मुरून जाईल.”

“माती केवढी लागेल! मळणार कोण?”

“मी निवृत्त होतोय की.”

तर मंडळी, येत्या सोमवारपासून साहेब आमच्याकडे रुजू होत आहेत. सौभाग्यवतींची परवानगी मी घेतली आहे. यांनी आज सकाळीच, दोन वर्षांनी, कामाची खोली झाडून घेतली.

बाहेरच्या बाईला आपण इथे बोलू दिलंत, मनापासून आभारी आहे. भाषणाची सवय नाही; काही कमीजास्त बोलले असेन तर घरचीच समजून सांभाळून घ्या. नमस्कार.