आता शांती, आता निर्भय

(दुपार. चर्चच्या पाळकांच्या घरातली आतली खोली. खाटेवर त्यांची धाकटी बहीण, म्हणजे लेकीची आत्या.)

पाळक : दोन महासत्तांनी जगातल्या नद्या पिऊन टाकल्या. उरल्यासुरल्यासाठी एकमेकांवर तोफा रोखल्या. आणि आता गळ्यात गळे घालून आम्हाला नळ जोडून देतात. चोरांनीच पंच व्हायचं, आणि आम्ही वर आभार मानायचे?

लेक : यातलं एक अक्षर मी खोडत नाही, पप्पा. चोर ते चोरच. पण पाणी ते पाणी. तुम्ही उपासनेत सांगितलंत, त्यांच्या नळाला तोंड लावू नका. साठ घरं जुन्या विहिरीचं गढूळ ओढतायत. आत्याला आठ दिवस जुलाब. सलाईनही त्यांच्याच नळाच्या पाण्याची म्हणून तिनं सुई टोचू दिली नाही. डॉक्टर सकाळी स्पष्ट बोलले, आता विहिरीचं भांडंभर पोटात गेलं तर सोमवार दिसणार नाही.

पाळक : मी नाही सांगितलं, बायबलच्या वचनानं सांगितलं. शेवटच्या दिवसांत राज्यकर्ते ‘शांती आहे, निर्भय आहे’ अशी ग्वाही देतील, आणि त्याच घटकेला नाश येईल. हा कागद बघ, घरोघर वाटलाय. ‘आता शांती, आता निर्भय.’ दोन्ही शब्द, त्याच क्रमानं. त्यांना कुणी शिकवले?

लेक : मी.

पाळक : काय मी?

लेक : ती ओळ माझी आहे. पाणी कचेरीत भाषांतराचं टेबल माझंच ना? वरून आलेल्या मसुद्यात एवढंच होतं, तंटा मिटला, पाणी तपासलेलं आहे. साहेब म्हणाले, फार कोरडं आहे, लोकांना धीर येईल असं काहीतरी कर. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती. हात आपोआप चालला. पुढच्या रविवारी तुम्ही तो कागद मंडळीसमोर धरलात, तेव्हा मी गीतांच्या पुस्तकात तोंड लपवलं.

पाळक : आणि तीन आठवडे गप्प बसलीस.

लेक : बसले. नोकरीला भ्यायले, तुम्हालाही भ्यायले.

पाळक : भाषेत हजारो शब्द पडलेत. तुला हेच दोन का सुचले?

लेक : लहानपणी जेवणाआधी तुम्ही तेच वाचायचात म्हणून. ताट निवायचं, पण तुमचा नाश काही संपायचा नाही.

पाळक : म्हणजे वीस वर्षं आधीच माझ्या तोंडून तुझ्यात पेरलं गेलं. वेळ भरली तेव्हा तुझ्या हातून लिहवून घेतलं. हे खोटं पाडून दाखव.

लेक : नाही पाडता येत. तेच मला खातंय. मी ते पाणी पिते, पप्पा. पण प्रत्येक पेल्याआधी थांबते. कचेरीत कुणी विचारलं तर सांगते, दात ठणकतो.

आत्या : मी मेल्यावर दोघं एकदिलानं रडालच. जिवंत आहे तोवर एकमत करा.

लेक : आत्या, हा पेला नळाचा आहे. घे.

आत्या : दादानं मान हलवली तर घेते. जन्मभर त्याच्या मानेकडे बघून चालले. आता एकटी कुठे वळू?

पाळक : असं माझ्यावर टाकू नकोस गं.

आत्या : साठ घरं घेतलीस ना अंगावर? मी एकटी जड झाले?

पाळक : मी प्रार्थनेला बसतो. संध्याकाळपर्यंत मार्ग दिसेल.

लेक : तिच्या ओठांची सालं निघतायत आणि तुम्हाला संध्याकाळ सुचते. शब्दाचा दोष माझा. रविवारी मंडळीसमोर उभी राहून सांगेन, मग नोकरी राहो न राहो. त्या दोन महासत्तांच्या चोरीचा जाब जन्मभर मागत राहू. पण तिची तहान तुम्ही अडवलीय, त्यांनी नाही. वर काय बघताय, पप्पा? इकडे बघा, तिच्याकडे. पाणी पाजू की नको?