मांजलपूरचा वळसा

गुजरात आणि मी एकाच वर्षाचे. राज्य माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठं, आणि दोघंही जन्मापासून दारूबंदीतले. हे आधी लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमचं मूळ भुसावळकडचं, वडील रेल्वेत फिटर, बदलीवर बडोद्याला आले ते इथलेच झाले, शहरातल्या वाडी भागात दोन खोल्या घेतल्या. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, आणि आई भाजीवालीशी भांडायची तेव्हा दोन्ही. मी नववीपर्यंत शिकलो. नापास नाही झालो, सोडली शाळा, वडील गेले म्हणून. हा फरक कोणी विचारत नाही पण मी सांगतो. मग एका पारशी मिस्त्रींच्या हाताखाली बारा वर्षं मोटारी शिकलो, आणि वाडीतच गल्लीच्या तोंडाशी माझं गॅरेज काढलं. मधुकर मिस्त्री म्हटलं की आजही कोणीही दाखवेल.

आता अरविंदरावांचं सांगतो, ते लवकर सांगितलेलं बरं. अरविंदराव माझे साडू. माझी बायको शैला थोरली, तिची धाकटी बहीण नीला अरविंदरावांना दिली. ते बीएस्सी, मांजलपुरात सोसायटीत फ्लॅट, शर्टाची बाही कधी ग्रीसनं काळी झालेली नाही. काय सांगू तुम्हाला, माणूस वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं. दोघं जावई सासरी गेलो की सासरे म्हणायचे, या अरविंदराव, बसा, आणि मला म्हणायचे, मधुकर, ती स्कूटर बघतोस का जरा, सकाळपासून चालू होत नाही. मी पाटावर बसायच्या आधी स्कूटरशेजारी उकिडवा बसायचो. आणि आत अरविंदराव बोलत असायचे, मोठमोठं, आणि सगळे ऐकत असायचे. मी प्लग साफ करता करता त्यांचं हसणं ऐकायचो. वर्षानुवर्षं ऐकलं ते.

मग गॅसच्या गाड्या निघाल्या. पेट्रोलच्या गाडीला गॅसचं किट बसवायचं, डिकीत टाकी. अरविंदरावांनी नोकरी सोडली आणि किट बसवायचं सेंटर काढलं. किट कंपनीचं, कंपनीला सरकारची मंजुरी आधीच मिळालेली, ह्यांनी फक्त पाने-पक्कड घेऊन बसवायचं, तेही स्वतः नाही, माणसं ठेवून. मी म्हटलं, ह्यात काय आहे? शैला म्हणाली, काय आहे ते नाही माहीत, पण तुम्ही का नाही काढलंत? तेव्हा मी जेवत होतो. तिचा शब्द अजून घशात आहे म्हणा ना.

त्याच दिवसांत माझ्याकडे बडोद्याजवळच्या सावली गावाच्या रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्याचे शेठ फियाट घेऊन यायचे. रंगात, पॉलिशात स्पिरिट लागतं, त्यांच्याकडे नशाबंदी खात्याचं परमिट, पिंपं भरून स्पिरिट. आता तुम्ही लोक इथेनॉल म्हणता, आम्ही तेव्हा स्पिरिटच म्हणायचो, वस्तू तीच. शेठ सहज बोलले, मधुभाई, ह्याच्यावर गाडी चाले के नहीं? त्यांनी थट्टा केली होती. मी नाही घेतली थट्टेवारी. मी विचार केला, गॅस कंपनीचा, किट कंपनीचं, मंजुरी कंपनीची, पण हे जर जमलं तर हे माझं. मधुकरचं. कागदावर माझं नाव येईल आणि तो कागद काचेत बसवून मी सासऱ्यांच्या भिंतीवर लावीन, स्कूटरच्या बरोबर वर.

कारखान्यातच एक जुनी फियाट पडून होती, तिच्यावर लागलो. दर रविवारी सावली. स्पिरिट पेट्रोलपेक्षा जास्त लागतं म्हणून कार्बोरेटरचा जेट हातानं मोठा केला, एका केसाइतका कमी पडला की खोकते, एका केसाइतका जास्त झाला की गुदमरते, असे चौदा जेट वाया गेले. थंडीत सकाळी स्पिरिट पेटत नाही, म्हणून औषधाच्या बाटलीएवढी पेट्रोलची छोटी टाकी वेगळी दिली, आधी पेट्रोलवर चालू करायची मग स्पिरिटवर टाकायची. रबरी पाइप स्पिरिटनं मऊ पडतात, फुगतात, ते सगळे बदलले. सगळे म्हणजे एक सोडून. टाकीच्या खाली वीतभर तुकडा होता, तिथं हात जात नव्हता, टाकी उतरवावी लागली असती, म्हटलं करू पुढच्या रविवारी. तेवढं लक्षात ठेवा.

आणि चालली हो! मागून गोड वास यायचा, गुऱ्हाळाजवळून गेल्यासारखा. पण चालायची कुठे, तर कारखान्याच्या आवारात. कारण परमिट आवाराचं. फाटकाबाहेर गेली की मी विनापरवाना दारू नेणारा. म्हणून मी आवारातच फेऱ्या मारायचो, पिंपांना वळसे घालत, मजूर जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून बघत बसायचे आणि म्हणायचे, मधुभाई, हवे अमदावाद आव्युं? म्हणजे आता तरी अहमदाबाद आलं का?

वाहन खात्यात मंजुरीचा अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, कल्पना सरस आहे, गाडी आमच्या मैदानावर आणा, त्याच इंधनावर चालवून दाखवा, मग पुढच्या तपासणीला पाठवू. आणि तो अर्जातला रकाना, शिक्षण. मी लिहिलं नववी. त्यांनी वर बघितलं. वाईट नाही बोलले, फक्त वर बघितलं. मी तुम्हाला विचारतो, जेटला कळतं का कोण बीएस्सी आहे ते?

आता गाडी सावलीहून बडोद्याला आणायची म्हणजे नशाबंदीचा पास पाहिजे. त्या ऑफिसात एक हेडक्लार्क होते, सगळे त्यांना काका म्हणायचे, सज्जन माणूस. फॉर्म भरायला घेतला. भांड्याचा प्रकार? म्हटलं, मोटारीची टाकी. काकांनी लिहिलं. निघताना किती? वीस लिटर. पोचताना किती? मी म्हटलं, सोळा धरा. काकांनी पेन ठेवलं. म्हणाले, भाई, पासवर जेवढं निघतं तेवढंच पोचायला लागतं, चार लिटर गेलं कुठे? म्हटलं, गाडी पिणार ना काका. त्यांनी चष्मा काढला, आणि म्हणाले, गाडी पी गई, एम लखुं? गाडी प्यायली, असं लिहू? सगळं ऑफिस हसलं, मीही हसलो. पण काकांनी अर्ज फेकला नाही, म्हणाले, वरच्या साहेबांना विचारतो, वेळ लागशे. तीन महिने मी विचारायला जात होतो, तीन महिने ते म्हणत होते, वर गयो छे.

उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, आम्ही सगळे अरविंदरावांच्या गच्चीवर. उंधियू, जिलेबी, पतंग, लाउडस्पीकर. मी म्हणणार नव्हतो पण शैलानंच काढलं की ह्यांचा अर्ज अडकलाय. अरविंदरावांचा पतंग वर होता, माझ्या हातात त्यांच्या मांज्याची फिरकी, आणि पतंगावरची नजर न काढता ते म्हणाले, मधुकरराव, टाकी रिकामी करा, गाडी टेम्पोत घाला. स्पिरिट वेगळं कॅनमध्ये, खात्याचं सील लावून. वीस निघेल वीस पोचेल. मैदानावर इन्स्पेक्टरसमोर सील फोडा आणि भरा.

एवढंच. तीन महिन्यांत मला सुचलं नाही, काकांना सुचलं नाही, आणि ह्या माणसाला पतंग उडवता उडवता सुचलं. शैला म्हणाली, बघा, किती पटकन! आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती, म्हणजे तसं काही नाही हो, कौतुकानं, पण माझ्याकडे तशी कधी बघितली नव्हती ती, पहिल्यांदा फियाट चालली तेव्हासुद्धा नाही. माझ्या हातातली फिरकी मी घट्ट धरली, मांजा अडला आणि त्यांचा पतंग कापला गेला. सगळी गच्ची ओरडली, काय मधुकरराव! मी म्हटलं, माझी गाडी टेम्पोत बसून येणार नाही. चालत येईल.

पुढच्या आठवड्यात वाहन खात्याची तारीख आली, मंगळवारची. त्याच मंगळवारी अरविंदरावांच्या दुसऱ्या सेंटरचं उद्घाटन, मांजलपुरात मोठ्या रस्त्यावर, शैला आदल्या दिवसापासून तिकडेच, पेढ्यांचे डबे भरायला. टेम्पोचा पास मागितला असता तर काकांनी दोन दिवसांत दिला असता. मी गेलोच नाही. मंगळवारी सकाळी टाकी भरली, वॉचमनला राम राम केला आणि फाटकाबाहेर पडलो.

काय चालली म्हणून सांगू! सावलीपासून बडोद्यापर्यंत एकदा खोकली नाही. नाक्यावर कोणी विचारलं नाही. मैदान पाच मिनिटांवर राहिलं, आणि साहेबांनी दिलेल्या वेळेला अजून अवकाश होता.

इथं सरळ जायला पाहिजे होतं मी. मैदान उत्तरेकडे, मांजलपूर पार दक्षिणेला, सगळं शहर ओलांडून. पण माझ्या डोळ्यासमोर तो मंडप, हिरवी रिबीन, सासरे पहिल्या खुर्चीत. म्हटलं, एकदा फक्त समोरून जायचं. थांबायचं नाही, हॉर्न वाजवायचा आणि जायचं. म्हणून वळवली.

शहरातली गर्दी, गाडी तापली, आणि बरोबर मंडपासमोर तो वीतभर तुकडा सुटला. गाडी दोन झटके देऊन बंद. खालून स्पिरिट रस्त्यावर. वास! अख्ख्या मांजलपुरात दारूचा वास, आणि पाहुण्यांच्या हातात पेढे. बंदोबस्ताचा पोलीस तिथंच उभा होता, त्याला चालावंसुद्धा लागलं नाही. परमिट? नाही. पास? नाही. सासरे उठून उभे राहिले, शैला डबा हातात घेऊन तशीच. पोलिसानं विचारलं, इथं कशाला आणली गाडी?

तेवढ्यात अरविंदराव पुढे आले, रिबीन कापायची कात्री अजून हातात, आणि म्हणाले, मी बोलावलं होतं त्यांना. गाडी बघायला. चूक माझी.

खोटं. त्यांना माहीत होतं मी का आलो. माझ्याकडे एकदा बघितलं त्यांनी, आणि मला कळलं की ह्यांना फिरकीचंसुद्धा माहीत आहे. त्यांनी माझा जामीन भरला, आणि उद्घाटन दोन तास उशिरा केलं. स्पिरिट रंगातलं, पिण्याचं नाही असा रिपोर्ट आला आणि केस मिटली, पण शेठनी हात जोडले, मधुभाई, माझं परमिट जाईल, आणि वाहन खात्याचा अर्ज परत आला. ते साहेब त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मैदानावर थांबले होते, हे मला नंतर कळलं. काय सांगू, शिक्षेपेक्षा ते जास्त लागलं. सरकारनं नाही अडवलं मला. पाच मिनिटांवर होतं सरकार.

शैलाला आजही वाटतं की अरविंदरावांनीच बोलावलं होतं. कधी रागावली की म्हणते, भाओजींनी उगाच बोलावलं, नाहीतर मिळाली असती तुमची मंजुरी. मी त्यांचा दोष म्हणून ऐकून घेतो, आणि खरं सांगू का, बरं वाटतं ऐकायला. हे बरं वाटतं ते आज पहिल्यांदा तोंडातून काढलं.

आता तर हेच स्पिरिट पंपावर पेट्रोलातच मिसळून येतं. ज्याला त्याला मिळतं, पास नाही, परमिट नाही, नववी का बीएस्सी कोणी विचारत नाही. रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी थोडीथोडी पिते, आणि मला प्रत्येकीचा हेवा वाटतो. जुन्या गाड्यांचे पाइप खराब होतात म्हणून लोक माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात अरविंदराव आले. केस पांढरे झालेत, गुडघ्याला पट्टा, त्यांची जुनी मारुती अजून विकत नाहीत. म्हणाले, मधुकरराव, पेट्रोलचा वास येतोय, बघता का? आणि गॅरेजच्या ओट्यावर बसले. मी गाडीखाली गेलो. टाकीच्या खाली वीतभर तुकडा, मऊ पडलेला, तोच.

टाकी उतरवली मी. ह्या वेळी उतरवली. गाडीखालूनच म्हटलं, अरविंदराव, त्या दिवशी तुम्ही मला बोलावलं नव्हतं. ओट्यावरून ते म्हणाले, बोलावायला पाहिजे होतं.

पाइप बसवला, गाडी चालू केली, ते गेले. बाही स्वच्छ. हेवा गेला म्हणून लिहू नका, तो आहे. पण देवा, ह्या माणसाला सुखी ठेव, म्हटलं मी, त्यांच्या गाडीच्या मागे उभा राहून, आणि तो गोड वास येतो का म्हणून जरा वेळ तिथंच थांबलो.