पाय पूर्वेला

— नाही हो, चिठ्ठी बरोबर आहे. ऑफिसचा शिक्का आहे, फादरांची सही आहे, मी कुठे नाही म्हणतोय? शेवटची ओळ, तुमच्या वडिलांच्या शेजारची जागा. वाचता येतं मला. पण ती जागा घेऊ नका, माझं ऐका. तिथे खाली पाणी लागतं. — वडिलांच्या वेळी नव्हतं लागलं, कबूल, पण पाण्याचं काय सांगावं, आज इथे, उद्या तिथे. शिवाय खडक आहे. — हो, पाणीही आणि खडकही. असे बघू नका माझ्याकडे. तीस वर्षं या जमिनीत कुदळ मारतोय मी, तिच्या पोटातलं मला नाही कळणार तर कुणाला? त्यापेक्षा भिंतीपलीकडे चला, नवी जागा घेतलीय चर्चने, माती कशी लोण्यासारखी. उद्या अकराला विधी ना? आज संध्याकाळच्या आत खड्डा तयार करून देतो. तुमच्या आईला काही कमी पडू देणार नाही.

बसा ना जरा. या बाकावर बसा, उभ्याने काय बोलायचं. तोंड सुकलंय तुमचं. आई गेली की माणूस कितीही मोठा होवो, पोरकाच. सकाळी घंटा वाजली तेव्हा मी म्हटलं, कोण गेलं बुवा? — आणि नर्सबाई निघाल्या. आम्ही सगळे नर्सबाईच म्हणायचो त्यांना, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी. दर रविवारी यायच्या, वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवायच्या, आणि मग माझ्या घरी, ते काय, फाटकाजवळची खोली, तिथे दारात उभं राहून माझ्या बायकोशी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे काय, हातवारे! माझी बायको ठार बहिरी झाली होती शेवटची वीस वर्षं. ओठ बघून समजायची. नर्सबाई बरोबर समोर उभ्या राहायच्या, तोंड मोठं करून एकेक शब्द बोलायच्या, आणि दोघी अशा खिदळायच्या की मला वाटायचं माझ्यावरच हसतायत. बहुतेक माझ्यावरच हसत असाव्यात.

मी मात्र कायम चुकायचो. मागून हाक मारायचो. तीस वर्षं संसार ऐकू येणाऱ्या बाईशी केलेला, सवय कशी जाणार? मग ती दचकायची, वळायची, आणि म्हणायची — समोर येत जा हो, मागून काय बोलता, मी काय भिंत आहे? रोज. अगदी रोज. आता कुणी म्हणत नाही.

— तेच सांगतोय, जागेचंच सांगतोय. तुम्हाला ठाऊक असेल, आपल्यात माणूस ठेवतात तो डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. का? तर प्रभू येईल तो पूर्वेकडून, आणि त्या दिवशी सगळे उठून बसतील ते सरळ त्याच्याकडे तोंड करून. वळायला नको, शोधायला नको. मी हे किती जणांना सांगितलं असेल! पेटी घेऊन येणारी माणसं रडत असतात, त्यांना दिशा कुठली कळायला — मीच ओरडायचो, पाय पूर्वेला, पाय पूर्वेला! पोरं मला त्याच नावाने हाक मारायची. पाय-पूर्वेला आला, पाय-पूर्वेला गेला. तीस वर्षांत एक माणूस चुकीचा ठेवला नाही मी. एक सोडून.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिच्या वेळी सुताराने चौकोनी पेटी पाठवली. नेहमीची खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती असते, आंधळ्यालाही कळते. ही दोन्हीकडून सारखी. एका टोकाला झाकणावर क्रूस, तो डोक्यावर यायचा, एवढीच काय ती खूण. सगळ्यांचं शेवटचं बघून झालं. मुलगी म्हणाली, बाबा, झाकण आम्ही लावतो. मी म्हटलं, नाही, आयुष्यभर दुसऱ्यांच्या लोकांचं केलं, माझ्या माणसाचं मीच करणार. आणि झाकण बसवलं. पण बघत होतो तिच्या तोंडाकडे. झाकणाकडे बघितलंच नाही. म्हणून चुकलो, दुसरं काही नाही. क्रूस गेला पायाकडे.

— नाही, कुणाला कळलं नाही. बाहेरच्यांनी क्रूस बघितला आणि त्याप्रमाणे पेटी आणली. पण मला कळलं. दोरावर कळलं. पेटी उतरवताना मी नेहमी पायाकडचा दोर धरतो, तो हलका असतो. त्या दिवशी दोर हातात आला आणि वजन माझ्याकडे आलं. खांदे, डोकं, सगळं माझ्या बाजूला. हातांना कळतं हो, डोळ्यांपेक्षा आधी कळतं. मी म्हणू शकलो असतो, थांबा. एक शब्द. फादर प्रार्थना म्हणत होते, मंडळी गात होती, मुलगी रडत होती — आणि मला काय वाटलं सांगू? लाज वाटली. लोक म्हणतील, जगाला पाय पूर्वेला सांगणारा स्वतःच्या बायकोला उलटी ठेवायला निघाला. त्या लाजेपायी गप्प बसलो. दोर सोडला. माती ओढली. मीच.

वर्षभराने फादरांना सांगितलं. चांगला माणूस, हसले नाहीत. म्हणाले, अरे, आम्हा पाद्री लोकांना कितीतरी ठिकाणी उलटंच ठेवतात, उठल्यावर समोर आपली मंडळी दिसावी म्हणून. तुझ्या बायकोला पाद्रीबाईचा मान मिळाला समज. मग म्हणाले, देव दिशा बघत नाही, बी मातीत उलटं पडलं तरी कोंब वरच येतो. मी म्हटलं, फादर, कोंबाला तोंड नसतं. आता कबर उघडायची तर वरून परवानगी लागते, आणि मी उघडूही शकलो नसतो. बंद करणारा हात आहे माझा.

मला विश्वास नाही असं नाही हं. दर रविवारी उभा राहून म्हणतो, देह उठेल. मानतोच. नुसता आत्मा मला नकोय, आत्म्याचं मी काय करू? मला ती हवी. तिचं वाकडं बोट, तिची दचकायची सवय, सगळं हवं. ती उठणार, यात मला शंका नाही. पण उठेल ती पश्चिमेकडे तोंड करून. सगळे उजेडाकडे बघत असतील आणि ही एकटी पाठ करून बसलेली. फादर म्हणतात, त्या दिवशी बहिऱ्यांना ऐकू येईल. येईल. पण वीस वर्षं ज्या बाईने ऐकायचं सोडून दिलं, तिच्या लक्षात राहील का ऐकायचं? मी मागून हाका मारत राहीन, आणि ती समोर बघत मला शोधत राहील.

म्हणून ती जागा. — हो, आता कळलं ना? ते बघा, तिची कबर ती, निळ्या दगडाची. तिच्या पायांच्या बरोबर समोर तुमच्या चिठ्ठीतली जागा. मी तिथे निजलो, रीतीप्रमाणे, पाय पूर्वेला, तर उठेन तो बरोबर तिच्यासमोर. एकदाचा समोरून. सहा वर्षं राखलीय. कुणाला पाणी सांगितलं, कुणाला खडक. चिकणमाती आहे खाली, छान आहे. पाणी नाही आणि खडकही नाही. माफ करा.

— नाही, नाही, हे काय बोलता? चिठ्ठी फाडू नका. आईला भिंतीपलीकडे नेता? वडील इथे, आणि त्या तिकडे? छे. चौदा वर्षं दर रविवारी ती बाई या माणसाजवळ येऊन बसली, आता कायमची आली तर मी तिला हाकलू? माझ्या चुकीपायी दुसऱ्याचा जोडा मोडायचा नाही मला. द्या ती चिठ्ठी. द्या म्हणतो ना.

भिंतीपलीकडे मी जाईन. तिच्या पाठीमागेच येतो तो भाग. मागेच तर असायचो नेहमी.

उद्या फुलं टाकून मंडळी गेली की तुम्हीही लगेच निघा, रागावू नका. मला तुमच्या आईशी थोडं बोलायचंय. त्या उठतील ना, तेव्हा समोर माझी बायको असणार. नर्सबाईच त्या, उठल्या उठल्या आधी आजूबाजूच्यांची नाडी बघतील. मी त्यांना एवढंच सांगणार आहे, तोंड मोठं करून, हाताने दाखवून तिला म्हणा — मागे बघ, तो मागे उभा आहे.

निघा आता. कुदळ द्या ती इकडे.