आजोबांची साक्ष

जयवंता: त्या खाटेवर नोको बसू, दादा, तुरीच्या शेंगा वाळत घातल्या आहेत. हा पाट घे. पंचवीस वर्सांत पयल्यांदा बहिणीच्या घरी आला, अन् मघापासून उभाच.

चंद्रभान: बसतो. डोमाजी घरी नाहीत वाटतं.

जयवंता: वावरात गेले. भेऊ नोको, माहा नवरा माणसं खात नाई. घर सापडलं ना बराबर?

चंद्रभान: अल्लीपूरच्या स्टँडवर तुझं नाव घेतलं, तर चार माणसं उठली दाखवायला. एक म्हातारी इथपर्यंत सोबत आली. तिची तिन्ही नातवंडं तुझ्याच हातची, म्हणाली. सांगत होती, दाईबाई लेकराच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटते. काय पुटपुटते ते आम्हाला कळत नाही, पण टोपडं घालायच्या आधी आम्ही लेकरू तिच्या हाताखालून काढतो.

जयवंता: थे रुख्मिणी. तिले बोलाले फक्त माणूस पाहिजे. प्रार्थना व्हय ती. बाबा आपल्यावर करे, तशीच. चहा ठेवू?

चंद्रभान: आधी बोलतो. चहा घेतला की मग बोलणं राहून जाईल माझ्याकडून.

जयवंता: मंग बोल. चर्चचंच काही ना? पंच्याहत्तर वर्सं होऊन राह्यली म्हणून आयकलं. रविवारी तूच उभा राहशील, आजाची साक्ष सांगाले.

चंद्रभान: वीस वर्षं तीच सांगतो आहे. आजोबा जानेवारीच्या थंडीत नदीत कसे उतरले, बाप्तिस्मा घेऊन वर आले तर काठावर भाऊबंद पाठ फिरवून कसे उभे होते, गावानं विहीर बंद केली तरी ते मागे कसे फिरले नाहीत. मी पहिलं वाक्य बोललो की बायका पदर डोळ्याला लावतात.

जयवंता: तुहं सांगनं चांगलंच आहे. मी बी रडलती एकदा, चर्चच्या भाईर उभी राहून आयकलं तवा.

चंद्रभान: देवळीला आपल्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आलेत. वयानं माझ्या मुलाएवढे. मी सगळं सुवाच्य लिहून त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी वाचलं, कागदाची घडी केली आणि परत दिला. म्हणाले, आजोबांचं कळलं, तुमचं काय? मी म्हणालो, मी त्यांचा नातू. तर म्हणाले, आजोबा नदीत उतरले म्हणून नातू भिजत नाही, पंचसाहेब.

जयवंता: पोट्टं हुशार दिसते.

चंद्रभान: मला फार राग आला. घरी आलो आणि मुद्दाम स्वतःबद्दल लिहायला बसलो. चार दिवस बसलो. दर वेळी एकच गोष्ट आडवी येई. ती लिहिल्याशिवाय पुढचं वाक्य होईना.

जयवंता: कोनती?

चंद्रभान: बाबा गेले तेव्हाची.

जयवंता: थे राहू दे.

चंद्रभान: आता नाही राहू देता येत.

जयवंता: राहू दे म्हणलं ना. बारा वर्सं झाली त्याले. मले चौथ्या दिवशी मोतीलाल कापडवाल्याच्या दुकानात समजलं. त्याले वाटलं, मले मालूम आहे. म्हणे, बाई, तुमचा बाप लय चांगला माणूस होता. होता, म्हणे. हातातलं कापड तसंच ठेवून मी घरी आली. मंग तुले चिठ्ठी लिहली, काऊन नाई बोलावलं म्हणून. तुनं काय उत्तर धाडलं? देवाची इच्छा. दोन शब्द. तवा मी समजून गेली. बाबानंच सांगतलं असन, का तिले बोलावू नोका. हिंदूच्या घरी गेली, आता ती आपली नाई. एवढं धरून मी चालली. आता तू काय नवं सांगशील?

चंद्रभान: बाबा असं बोललेच नाहीत.

जयवंता: मंग?

चंद्रभान: शेवटचे तीन दिवस ते तुझंच विचारत होते.

(पाखडता पाखडता जयवंताच्या हातातलं सूप थांबतं.)

जयवंता: काय म्हणलं त्यायनं?

चंद्रभान: दार वाजलं की म्हणायचे, जयी आली का?

जयवंता: जयी म्हणलं?

चंद्रभान: जयी. मी सांगितलं, तार केली आहे, येईल. मी पोस्टात गेलोही होतो. फॉर्म भरला, तुझा पत्ता लिहिला. मग डोळ्यांपुढे आलं, नागपूरची मंडळी येतील, मोठे पाळकसाहेब येतील, आणि त्यांच्यात तू उभी राहशील डोमाजींना घेऊन. त्यांच्या कपाळाला गंध, तुझ्या कपाळाला कुंकू. लोक म्हणतील, पहिल्या ख्रिस्ती घरची लेक ही. मी त्याच वर्षी चर्चचा पंच झालो होतो. फॉर्म फाडला आणि घरी आलो.

जयवंता: अन् बाबा वाट पाहत.

चंद्रभान: हो.

जयवंता: लोकाईले काय सांगतलं?

चंद्रभान: तार मिळूनही तू आली नाहीस, असं.

जयवंता: म्हणून चर्चमधली यशोदाबाई मले बजारात पाहून तोंड फिरवते. मले वाटे, कुंकू पाहून फिरवते.

चंद्रभान: जयवंता, मला क्षमा...

जयवंता: थांब. आज माफी नोको मांगू.

चंद्रभान: मग मी काय करू?

जयवंता: काहीच करू नोको. गप बस घडीभर. माहा बाप आज मेला. बारा वर्सं मी त्याच्यासाठी रडली नाई. ज्यानं मले टाकलं, त्याच्यासाठी कायले रडू म्हणून. आता रडू दे.

चंद्रभान: बसलो आहे मी.

(जयवंता पदरात तोंड घालून रडते.)

चंद्रभान: पाणी देऊ?

जयवंता: दे. रांजन त्या कोपऱ्यात आहे. लय दुखे का त्यायले?

चंद्रभान: पहिले दोन दिवस. मग नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, तार केली ना रे? मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तो हात अजून उतरलेला नाही. फार जड आहे.

जयवंता: असनच.

चंद्रभान: रविवारी आजोबांचं सांगणार नाही. हे सांगणार. फॉर्म, तार, बाबांचं विचारणं, सगळं. पंचपण जाईल, जाऊ दे. तुझी वहिनी आनंदा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. म्हणते, तीन पिढ्यांचं नाव एका सकाळी बुडवायला निघालात. तू येशील का? तू समोर असलीस तर मला धीर येईल.

जयवंता: नाई.

चंद्रभान: राग आहे. कळतं मला.

जयवंता: राग तं आहेच. थो काही एका दुपारीत जाईन असं नाई. पण त्याच्यापाई नाई म्हणत नाई मी. मी समोर बसली तं तू माह्या तोंडाकडे पाहून बोलशील. मी रडली का तुले हलकं वाटन. नाई रडली तं मधातच थांबशील. माह्यासाठी नोको सांगू, दादा. ज्याच्या देवळात बारा वर्सं खोटं बोलला, त्याच्याकडे पाहून सांग.

चंद्रभान: मले जमन का व?

जयवंता: आता कसा घरच्यासारका बोलला. नाईतर मघापासून पुस्तकच वाचून राह्यला होता.

चंद्रभान: भेव वाटते, जयी.

जयवंता: जयी नोको म्हणू. थे बाबाचं.

चंद्रभान: बरं. नाही म्हणत. उठू मग? साडेपाचला गाडी आहे.

जयवंता: जाय. अन् आयक. रविवारी सांगून झालं का सीधा इकडंच येजो. तिथं कोनी तुह्यासंग बोललं नाई तरी येजो. उशीर होऊ दे. मी जेवाची थांबीन.