कागदावरचा थेंब

सून : म्हणजे गाडी बंद पडली की थांबली? दोन्हींत काही फरक असेल ना, बाबा?

सासरे : जाम झाली. मागचं चाक एकदम अडकलं. क्लच दाबला, म्हणून सरळ कडेला आलो.

सून : आणि दाबला नसता तर?

सासरे : तर ही चौकशी दवाखान्यात चालली असती. तो पाना दे. हा नाही, शेजारचा.

सून : माझी चिमणी पुढे टाकीवर बसली होती तेव्हा.

सासरे : मीच बसवली होती, मला सांगतेस? तिला कळलंही नाही. "आजोबा, पुन्हा करा" म्हणाली.

सून : मलाही तेच सांगितलं तिनं. मला हसू नाही आलं.

सासरे : हस म्हणालं कोण? बॅटरी खाली धर जरा. माझ्या डोळ्यांत नको, इंजिनावर.

सून : कशामुळे झालं ते आज कळेल?

सासरे : कळेल की. याला बहुतेक दोनच कारणं असतात. एक, कुठून तरी फटीतून हवा ओढली जाते नि इंजिन भलतंच तापतं. ते गाडीचं दुखणं. दुसरं, तेल नव्हतं.

सून : पण तेल तर तुम्ही परवाच बदललंत. अंगणात डाग पडलाय त्याचा.

सासरे : ते गिअरचं. या जुन्या गाड्यांत इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. पेट्रोल भरलं की प्रत्येक वेळी मापानं तेल ओतायचं. राहिलं तर पिस्टन कोरडं घासतं आणि धरून बसतं.

सून : आणि ओतता तुम्हीच.

सासरे : दुसरं कोण हात लावतं हिला? तुझा नवरा भंगार म्हणतो.

सून : मग हवाच ओढली असेल. इतकी जुनी गाडी, कुठेतरी फट पडणारच.

सासरे : तुला कारण हवंय की सोयीचं कारण हवंय?

सून : बाबा, माझी रजा संपली. दुपारभर ती तुमच्याजवळ असते. तुमच्या भरवशावर मी परत कामावर गेले. मला नक्की काय ते कळू दे.

सासरे : मग घाई करू नकोस. हं, आला पिस्टनवरचा ब्लॉक बाहेर. हे बघ पिस्टन. बोट फिरव.

सून : खरखरीत लागतंय. सगळीकडूनच.

सासरे : सगळीकडून. फटीतून हवा आली असती तर एकाच बाजूनं घासलं असतं. म्हणजे फटीचं कारण जवळजवळ गेलं. पण एवढ्यावर निकाल नको. टाकीतल्या पेट्रोलचा थेंब कागदावर टाकू. पेट्रोल उडून जातं, तेल असेल तर डाग मागे राहतो.

सून : वर्तमानपत्र चालेल?

सासरे : आण.

(थेंब कागदावर पसरतो. दोघं त्याच्यावर वाकून बसतात.)

सून : हा बघा! इथे पिवळट आहे. आहे ना डाग?

सासरे : तो जाहिरातीतला सोफा आहे.

सून : नाही हो, कडेला बघा ना नीट.

सासरे : सोफ्याचीच कड आहे ती. कोरा कागद आण.

सून : कोरा नाहीये घरात.

सासरे : चिमणीची चित्रकलेची वही आहे की. मागचं पान फाड.

सून : ...हं, घ्या. पण थोडा वेळ राहू द्या. लगेच बघू नका.

सासरे : बघितलं काय, न बघितलं काय. उडालं. आता बोल.

सून : काही नाही.

सासरे : कोरा करकरीत.

सून : पंपावर कोणीतरी गप्पा मारायला भेटलं असेल. लक्ष गेलं असेल तुमचं.

सासरे : लक्ष गेलं असतं तर आता तरी आठवलं असतं, अरे, राहिलंच की. मला तर ओतल्याचं आठवतंय. डबा उघडला, माप भरलं, ओतलं, फडक्याला हात पुसले.

सून : मग ओतलंच असणार तुम्ही!

सासरे : कागद तुझ्या हातात आहे.

सून : होतं हो असं एखाद्या वेळी. मी नाही का पाण्याची बाटली घरीच विसरून जात?

सासरे : तुला बसमध्ये बसल्यावर कळतं ना, विसरलीस ते?

सून : हो, तेव्हा कळतं.

सासरे : तेच म्हणतोय मी. मला अजून कळत नाहीये.

सून : यांना काय सांगू?

सासरे : जे दिसलं ते. पण तूच सांग. मी सांगायला गेलो तर तो गाडी विकायचं काढेल, त्यावर आम्ही भांडू आणि मुद्दा राहून जाईल.

सून : आणि गाडी?

सासरे : गाडीचं काय, ब्लॉक आतून घासून घेऊ, नवं पिस्टन बसवू. होईल ती. दुपारसाठी एक बाई बघ.

सून : तुम्ही घरात असताना?

सासरे : मी असेनच, जातोय कुठे? बाई पहिलं हेच विचारेल, सांभाळायचं किती जणांना.

सून : एकच मुलगी आहे म्हणून सांगेन.

सासरे : मग मागाहून कुरकुर करेल ती. आधीच सांग, दोघं आहेत.