फादर गिलरॉय यांचा मोडलेला उपास

आदरणीय अध्यक्ष केनेलीसाहेब, मंचावर विराजमान बिशपमहाराज, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते फादर फिंटन गिलरॉय, आणि सेंट ब्रेंडन धर्मग्रामातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी डेलिया हॅनराटी. खाणमजुरांची खानावळ चालवते, भाषणं करत नाही. अध्यक्षसाहेबांचा धंदा शवपेट्यांचा. एकतीस वर्षं ते फादरांची उंची नजरेनं मोजत आलेत, आणि आज फादर चक्क स्वतःच्या पायांनी वृद्धाश्रमात निघालेत. केनेलीसाहेब, गिऱ्हाईक हातचं गेलं, वाईट वाटून घेऊ नका.

हा माणूस आयर्लंडमधल्या मेयोहून इथे आला तो माझ्याच माडीवर उतरला. दिवसा तांब्याची खाण, संध्याकाळी लॅटिनचं पुस्तक. दोन वर्षांत धुळीनं छाती पोखरली, रुमालावर रक्त दिसायला लागलं. जेवताना मंडळी त्याला पोपसाहेब म्हणायची, बटाट्यांचं ताट पुढे सरकवून आशीर्वाद मागायची. तो खरंच द्यायचा, आणि वर सगळ्यात मोठा बटाटा उचलायचा. धर्मगुरू घडवणाऱ्या दोन सेमिनऱ्यांनी त्याला परत पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हा वर्ष काढणार नाही. तो तिसरीच्या दारात जाऊन बसला. एवढी चिवट इच्छा माणसात येते कुठून? इतकी माणसं जेवू घातली, पण मला अजून कळलेलं नाही.

शेवटी तिनं घेतलं, शिकवलं, आणि त्या वेळच्या बिशपांनी दीक्षा दिली, पण अट घालून. वेदीवर मिस्सेची उपासना करण्याआधी मध्यरात्रीपासून धर्मगुरूच्या पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, औषधसुद्धा नाही, हे तुम्ही जाणताच. आणि खोकल्याची उबळ आली की घोटभर पाण्याशिवाय फिंटनचा जीव गुदमरायचा. पहिली मिस्सा उपाशी निभावली तरच धर्मग्राम मिळेल, असं बिशपांनी बजावलं आणि बघायला आपला माणूस पाठवला.

त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. फादर पूर्ण पोशाखात वेदीपुढे आले, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "मी आज पहाटे पाणी प्यालो. मिस्सा होणार नाही. मला क्षमा करा."

पुढे चौदा महिने त्यांना वेदीपाशी उभं राहू दिलं नाही. पोपसाहेबांना तहान आवरली नाही म्हणून गाव हसलं. माझ्या खानावळीतही हसले. मी मुकाट्यानं वाढत होते.

फादर, हातानं खुणा करू नका, मी खाली बसणार नाही. ते पाणी मी पाजलं होतं. मिस्सेसाठी तो माझ्याच माडीवर उतरला होता; त्या पहाटे उबळ ऐकून मी वर धावले. तापानं शुद्ध हरपलेली, ओठ निळे. उपास मला आठवत होता, तरी मधाचं पाणी चमच्यानं तोंडात सोडलं. ते गिळल्यावर त्यानं डोळे उघडले आणि चमच्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "दोनच चमचे दिले रे. देव काय चमचे मोजत बसलाय?"

"नसेल मोजत. पण उपास मोडलाय, डेलिया. तिथे मला खोटं उभं राहता येणार नाही."

"मग माझं नाव सांग. तुला सोडतील."

"तुला याच गावात पोरं वाढवायचीत. तू गप्प बस."

आणि मी गप्प बसले. पहिली मिस्सा मोडणारीच्या हातचं इथे कुणी जेवलं असतं का? एक नाव घेतलं असतं तर तो सुटला असता. डॉक्टर तेव्हाही त्याला वर्ष द्यायला तयार नव्हते, म्हणजे वेदी आता आपल्याला कधीच मिळणार नाही असं धरूनच तो त्या दिवशी बोलला.

समितीनं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फादर, तुमच्याकडे मात्र मला वेगळं मागायचंय. ते चौदा महिने तुम्ही चर्चच्या पायऱ्या झाडत होतात. मी रोज सकाळी मिस्सेला यायची, आणि तुम्ही झाडू बाजूला धरून मला वाट द्यायचात. मी वर निघून जायची. मला क्षमा करा.