लेकीचा जिताडा

(पेणजवळच्या खाडीकाठचं गाव, वैशाखातली दुपार. नाथा आपल्या जिताडा माशांच्या तळ्याच्या बांधावर बसलाय. फोन स्पीकरवर. त्याची बायको चंद्रावती पायरीवर बसून निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले छोटे मासे, साफ करतेय. फोनवर त्यांची मुलगी मनस्वी, नॉर्वेहून.)

नाथा : तेच औषध दिलं गो. कमळाकरनं रोह्याहून सोताच्या हातानं आणून दिलं. त्याच्या तळ्याला तीन दिवसांत गुण आला. मी आठ दिवस खाण्यात कालवून घातलं, तरी काल अकरा मेले. गेल्या आषाढात सोडलेलेच सगळे, हातभर झालेले. डोळे बाहेर येतात आणि पाण्यावर गरगर फिरत मरतात.

मनस्वी : मी सांगितलं होतं ना, रिपोर्ट येईपर्यंत औषध घालू नको. कमळाकरकाकांच्या तळ्यातला जंतू वेगळा आहे.

नाथा : गेल्या फोनला तूच बोल्लीस, दोनी तळ्यांत एकच जंतू हाय.

मनस्वी : नाव एकच. स्ट्रेन वेगळा.

चंद्रावती : आता ह्ये स्ट्रेन काय काढलंस?

मनस्वी : आय, आपल्या गावात पाटलांची घरं किती?

चंद्रावती : निम्मं गाव पाटलांचंच हाय.

मनस्वी : सगळे पाटील. पण मोरू पाटलाला जे सांगून चालतं, ते बाकीच्यांना चालतं का?

चंद्रावती : मोरूला कायबी सांगून चालत नाय.

मनस्वी : तेच म्हणतेय मी. इथे ट्राउट माशाला एक जंतू लागतो, सॅल्मनलाही लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडचे सारखेच दिसतात. आतली जनुकं वाचली की कळतं, डोंगरातल्या तळ्यातला वेगळा आणि समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यातला वेगळा. एकावर केलेली लस दुसऱ्याला लागू पडत नाही. काही औषधाला दाद देतात, काही देत नाहीत. तीन वर्षं मी हेच करतेय, नमुने घ्यायचे आणि कुणाचं घराणं कुठलं ते लावायचं.

नाथा : तीन नाय, चार. येत्या गणपतीला चार होतील.

मनस्वी : हो. चार.

नाथा : बरं, आपल्या जिताड्यांचं घराणं कुठलं निघालं?

मनस्वी : जिताड्यांचं नाही रे बाबा, जंतूचं. आदर्शनं तुझ्याकडून तीन वर्षं नमुने नेले, आठवतंय?

चंद्रावती : वरश्याचा आदर्श ना? तुझ्याबरोबर कॉलेजात होता तो. दर साली मेलेले मासे बर्फात घालून नेतो. गेल्या खेपेला चहाबी नाय घेतला, बोल्ला बर्फ वितळंल.

मनस्वी : तोच. कमळाकरकाकांकडूनही त्यानं तीन वर्षं नेले. मुंबईच्या प्रयोगशाळेत सगळे वाचून घेतले आणि फाइल मला पाठवली. मी काल रात्रभर, म्हणजे काल दिवसभर बसले होते त्याच्यावर.

चंद्रावती : रात्रभर बसलीस तर रात्रभर बोल. जेवलीस का?

मनस्वी : जेवले.

चंद्रावती : काय जेवलीस?

मनस्वी : आय, ऐक ना. रोह्याच्या तळ्यात तीन वर्षांत तीन वेगळे स्ट्रेन निघाले. म्हणजे दर वर्षी पिल्लांबरोबर बाहेरून नवा येतो आणि दर वर्षी जातो. काका वैशाखात तळं उपसून सुकवतात ना, तिथंच त्याचा निकाल लागतो.

नाथा : आणि आपल्याकडं?

मनस्वी : आपल्याकडे तिन्ही वर्षं एकच.

नाथा : पिल्लं तर मी दर साली नवीनच सोडतो. एकदा खाडीतली, दोनदा कंपनीच्या हॅचरीची.

मनस्वी : म्हणूनच. पिल्लं बदलली, जंतू बदलला नाही. तो बाहेरून येत नाहीये, बाबा. तळ्यातच राहतोय. नवी पिल्लं आली की उन्हाळ्यात पाणी तापतं आणि तो त्यांना धरतो.

नाथा : राहतो म्हंजे कुठं राहतो?

मनस्वी : थोडा चिखलात.

नाथा : आणि?

मनस्वी : इथे पण असंच होतं. एखाद्या फार्मवर वर्षानुवर्षं एकच स्ट्रेन निघत राहतो. मग ते जागा पूर्ण रिकामी करतात. एक मासा ठेवत नाहीत. काही आठवडे तशीच मोकळी ठेवतात आणि मग नवे सोडतात.

चंद्रावती : मनू, तुझ्या बानं काय इचारलं आणि तू काय सांगतेस?

मनस्वी : तळं शेवटचं कधी सुकवलं होतं?

नाथा : तू गेलीस त्या साली.

मनस्वी : त्यानंतर का नाही सुकवलं?

नाथा : आता ह्ये तू मला इचारतेस?

चंद्रावती : तुझा मासा हाय ना त्यात. कसं सुकवतील? मी दर वैशाखात सांगते, अहो गाळ चढलाय, पाणी काढा, चुना मारा. तर बोलतात, तिचा जिताडा कुठं ठेवू, तुझ्या हंड्यात?

नाथा : गावाची रीत हाय ती, माझी नाय. लेक लांब गेली की तिच्या नावानं एक मासा तळ्यात ठेवायचा. ती माहेरी आली की तिच्या समोर काढायचा. आपल्या गावच्या शांतीचा ठेवला होता तिच्या बानं, दिवाळीपर्यंत ठेवला होता. माझ्या बहिणीचा ठेवला होता, आठ महिने.

मनस्वी : तेच म्हणतेय मी. आठ महिने, बाबा. चार वर्षं कुणी ठेवला नव्हता.

नाथा : चार वर्षं कुणी गेलीबी नव्हती.

मनस्वी : कसा आहे तो?

नाथा : ठणठणीत हाय. एकदाबी आजारी पडला नाय. माझा आवाज ऐकला की पायरीपाशी येतो, हातातून निवटी घेतो. काल तुझ्या आयनं बघितलं, पाठ एवढी रुंद झालीय, सात-आठ किलोला मरण नाय. तू बघशील तर...

मनस्वी : बाबा, त्याला काही होणारच नाही. पहिल्या वर्षी तो त्यातून वाचला. तेव्हापासून जंतू त्याच्या अंगात राहतो, त्याला त्रास देत नाही. मासा तो जंतू पाण्यात सोडत राहतो आणि बाकीचे मरतात. शंभर टक्के मी लिहून देऊ शकत नाही. पण तीन वर्षं त्या तळ्यात जिवंत राहिलेला तोच एकटा आहे.

नाथा : म्हंजे रोग मीच पोसला म्हण की. हातानं खाऊ घालून.

मनस्वी : असं नाही म्हणत मी.

नाथा : तीन साली चारशे-चारशे पिल्लं घातली गो तळ्यात. मेली की खड्डा काढून पुरली, आणि वर येऊन ह्याला निवटी घातली. शेजारचा काळुराम बोल्ला, नाथा, तुझ्या तळ्याला नजर लागली. मी नारळबी फोडला.

चंद्रावती : नारळ फोडला आणि खोबरं त्यालाच घातलंत.

नाथा : नाय खाल्लं त्यानं.

मनस्वी : चूक माझी आहे. पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं, तळ्यात जुना मासा आहे का. हे माझं रोजचं काम आहे, इथे कुठल्याही फार्मवर गेले की पहिला प्रश्न तोच विचारते. तुला नाही विचारला.

चंद्रावती : का नाय इचारलास?

मनस्वी : माहीत होतं ना, आहे म्हणून. इथे पहाटे अंधारात बर्फातून चालत लॅबला जाते, तेव्हा तेवढाच विचार करते कधी कधी. की आपल्या तळ्यात माझा मासा आहे. कुणी काढलेला नाही.

चंद्रावती : अहो, ऐकलंत ना लेक काय बोलते?

नाथा : ठीक हाय. गणपतीपर्यंत ठेवू मग. हमरापूरला मूर्ती सांगून आलोय, या साली मोठी, दीड हाताची. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी जाळं टाकू, तू बांधावर उभी राहा. मंग तळं सुकवतो. चार महिन्यांचाच तर प्रश्न हाय.

मनस्वी : चार महिन्यांनी तळं सुकणार नाही, बाबा. पावसानं भरलेलं असेल. सुकवायचं तर आत्ताच, पुढचे पंधरा दिवस. चिखल तडकेपर्यंत ऊन लागायला हवं. आणि आषाढात पिल्लं सोडायची असतील तर त्याच्या आधी तो बाहेर हवा.

नाथा : मंग या साली पिल्लं सोडत नाय.

चंद्रावती : आणि दिवसभर इथं बसून काय करणार? त्या एकाशी गप्पा मारणार?

नाथा : मारीन.

चंद्रावती : मनू, तुझे मामा इचारून गेले, तळं बुजवा म्हणून, गाड्या लावायला जागा पायजे. हे नाय बोल्ले. बोल्ले, लेक परत येईल तेव्हा तिला तिचं शिक्षण लावायला तळं नको का. आता तूच बघ.

मनस्वी : बाबा, मी गणपतीला येत नाहीये.

नाथा : मूर्ती सांगून आलोय गो मी.

मनस्वी : ऑगस्टमध्ये माझे मासे टाक्यांत येतायत. नवी लस आहे, चार स्ट्रेनवर एकदम. चार महिने त्यांना सोडून हलता येणार नाही. आणि काम दोन वर्षं वाढवून मिळालंय. मागच्या आठवड्यात पत्र आलं. रोज फोन हातात घेते आणि ठेवते.

चंद्रावती : म्हंजे तिकडचे मासे आमच्या माशाच्या आड आले.

मनस्वी : आय, मला यायचंय गो. तुला वाटतं मला नाय यायचं? लय यायचंय. हे सोडलं तर परत हाती लागणार नाय, म्हणून थांबलेय.

चंद्रावती : रडू नको. मी तसं नाय बोल्ले. थांब तू. शिक पुरं.

नाथा : दोन म्हंजे सहा होतील.

मनस्वी : मध्ये येईन. सुट्टी मिळाली की पंधरा दिवस येईन. पण कधी ते सांगून खोटं नाही बोलणार.

नाथा : उद्या पंप सांगतो. काळुरामचा हाय, मोकळाच पडलाय.

मनस्वी : बाबा...

नाथा : उघाडीचं दार बंद करून घेतो आधी, भरतीचं पाणी परत शिरायला नको. गाळ बाहेर टाकू ना?

मनस्वी : लांब टाक, दुसऱ्याच्या तळ्यापाशी नको. चुना मार. जाळी, टोपल्या सगळं उन्हात घाल.

नाथा : आणि तो?

मनस्वी : खाऊन टाका. शिजवला की काही होत नाही, जंतू मरतो. फक्त आय, साफ करताना हातमोजे घाल. काट्यानं बोट कापलं तर तोच जंतू माणसालाही धरतो.

चंद्रावती : हातमोजे घालून मासा कापू? गाव हसेल.

मनस्वी : हसू दे. घाल.

नाथा : तुझ्याशिवाय कसा खायाचा? तुझा हाय तो.

मनस्वी : आत्याला बोलाव. शांतीला बोलाव, तिच्या पोरांना. डोकं आयला दे, तिला आवडतं. फोन चालू ठेवा, मी बघेन.

नाथा : बघ मंग.

मनस्वी : आणि बाबा, रीत मोडू नको. आषाढात पिल्लं सोडशील ना, त्यातलंच एक माझ्या नावाचं ठेव. वैशाखात ते काढायचं, तळं सुकवायचं आणि पुन्हा आषाढात नवं ठेवायचं. दर वर्षी. मग काही होणार नाही.

नाथा : दर साली नवीन?

मनस्वी : हो. बोटाएवढं.

नाथा : हा मोठा होत होता ना, तर वाटायचं चार साल गेलीत, आता थोडंच राहिलं असंल. दर साली बोटाएवढं सोडलं म्हंजे वाट पयल्यापासून बघायची.

चंद्रावती : बघू की. दुसरं काय काम हाय आपल्याला?